दोन मग मीठ

सूनबाईने दुसरा मग काठोकाठ भरला, वरचं मीठ सुरीच्या पाठीने सपाट केलं आणि बादलीत ओतलं. काटाबाई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला हात टेकून उभ्या होत्या. मीठ पाण्यात पडताना आवाज होत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खाऱ्या पाण्याच्या हौदाशेजारी तीस वर्षं काढलेली नाहीत एवढंच म्हणायचं. खडे मीठ पडताना वाजतं. बारीक मीठ नुसतं 'हुश्श' करतं. हे मीठ 'हुश्श' झालं आणि बराच वेळ होत राहिलं.

"किती झालं?" काटाबाईंनी विचारलं.

"दोन मग. बाबांचं माप आहे, आई. एका बादलीला दोन मग, आणि रात्रभर बुडवून ठेवायचं. ते कधी वजन करत नाहीत."

मग फिकट निळ्या रंगाचा होता, कडेला पोपडे गेलेला. सहा वर्षांपूर्वी सूनबाई या घरात आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन कपड्यांचे जोड आणि हा मग होता. ट्रक चालवणाऱ्या मुलाशी लग्न करायला तिच्या वडिलांची हरकत होती. त्यांनी आरडाओरडा केला नव्हता, दार अडवलं नव्हतं. ते नुसते पक्ष्यांना दाणे घालायला परसात निघून गेले आणि ती जाईपर्यंत परत आलेच नाहीत. टर्की पाळणं हा त्यांचा धंदा. माणसांशी बोलायची वेळ आली की ते टर्कीकडे जात.

काल सकाळी एका मालगाडीच्या पार्सलातून बर्फात ठेवलेली टर्की आली. साडेपाच किलोची, पिसं काढून स्वच्छ केलेली, छाती अशी भरलेली की सूनबाईने तिच्यावर हात ठेवला आणि तो काही वेळ उचललाच नाही. सोबत एक चिठ्ठी होती. 'रविवारी दुपारी येतो.' खाली सही नव्हती. हे तीन शब्द लिहायला त्या माणसाला सहा वर्षं लागली होती.

तेव्हापासून सूनबाई जमिनीवर नव्हती. चष्म्याच्या दुकानातून तिने शनिवारची रजा घेतली. पडदे धुतले, खुर्चीचा डुगडुगणारा पाय खिळा ठोकून नीट केला, आणि सकाळपासून तीनदा म्हणून झालं, "मीठ चुकलं तर बाबा काही बोलायचे नाहीत. नुसते पाणी पीत बसतील." वडिलांचं हे पाणी पिणं तिला कुणाच्याही शिव्यांपेक्षा जड जात असावं.

काटाबाई बादलीपाशी आल्या. करंगळी पाण्यात बुडवली आणि जिभेच्या टोकाला लावली.

त्यांचं हे नाव कारखान्यातलं. मासे डबाबंद करायचा कारखाना होता तो. मासा डब्यात जाण्याआधी खाऱ्या पाण्यात मुरवावा लागे, आणि ते पाणी किती खारं झालंय हे बघायला त्यांना ठेवलं होतं. दिवसात चाळीस वेळा चाखायचं, चाळीस वेळा थुंकायचं. पुढे साहेबांनी परदेशी यंत्र आणलं. पहिल्याच आठवड्यात यंत्राचा आकडा आणि बाईचा अंदाज जुळेना, तेव्हा कारागीर बोलावून यंत्र दुरुस्त करून घेतलं. तराजूचा काटा खोटं बोलत नाही तशी ही बाई, म्हणून त्या काटाबाई. नवरा गेला, कारखाना बंद पडला, पण नाव टिकलं.

जिभेने करंगळीवरचा थेंब घेतला आणि निकाल तिथल्या तिथे दिला. हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट. रात्रभर या पाण्यात पडला तर पक्षी उद्या तोंडात धरवणार नाही.

"जास्त आहे," त्या म्हणाल्या.

सूनबाई हसली. मन दुखावू नये म्हणून आजारी माणसाकडे बघून हसतात, तसं ते हसू होतं.

"तुम्हाला तसंच लागणार, आई. आठ महिने झाले. आता साधा पाव दिला तरी खारट लागेल तुम्हाला."

इथे काटाबाईंना वाद घालता येत नव्हता. त्याला कारण होतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. दहा दिवस दवाखान्यात नाकाला नळी लावून काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी सूनबाईला समोर बसवून सांगितलं, मीठ बंद. कमी नाही, बंद. सूनबाईने ते असं मनावर घेतलं की घरातली बरणी त्याच संध्याकाळी रिकामी झाली. तेव्हापासून रोज सहा वाजता ती रक्तदाबाचं यंत्र काढते, पट्टा बांधते, आकडा वहीत लिहिते. आणि तेव्हापासून काटाबाई रोज मीठ खातात.

बागेच्या फाटकापाशी उकडलेली अंडी विकणारा एकजण बसतो. 'पाय मोकळे करून येते' असं सांगून त्या तिथपर्यंत जात आणि मिठाची एक पुडी घेऊन येत. घरी आल्यावर ते मीठ खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत जाई, आणि बाटली बटणांच्या डब्यात, तळाशी. सूनबाईला शिवणातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे तो डबा घरातली सगळ्यात सुरक्षित जागा होता. जेवताना ती पाणी आणायला उठली की बाहीतून दोन चिमट्या पडत. सुरुवातीला दाराकडे नजर ठेवावी लागे. पुढे सवय झाली. तीस वर्षं ज्या जिभेच्या जोरावर घर चाललं, तिला डॉक्टरांच्या एका चिठोऱ्याने निवृत्त करायचं म्हणजे काय, असा त्यांचा मनातला वाद होता, आणि वादात समोर कुणी नसल्यामुळे त्या रोज जिंकत.

म्हणजे जीभ शाबूत होती. निकाल खरा होता. पण तो खरा ठरवायचा तर आधी दुसरंच काहीतरी सांगावं लागणार होतं.

"मग तू बघ ना," त्या म्हणाल्या. "तुझी जीभ चांगली आहे."

"माझी?" सूनबाईने बोट बुडवून चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मलाही खारटच लागतंय. पण माझ्या जिभेला विचारून काय उपयोग? मला हल्ली सगळंच खारट लागतं."

"तुला का?"

"मी कुठे वेगळं खाते, आई?"

"दुकानात डबा नेतेस ना."

"तोच की. आपलाच. परवा दुकानात कुणीतरी खारे शेंगदाणे आणले होते. दोन दाणे खाल्ले आणि अर्धा तांब्या पाणी प्यायले." ती पुन्हा हसली, या वेळी स्वतःलाच. "म्हटलं, तुम्ही एकट्याच अळणी जेवणार आणि मी समोर बसून चवीने खाणार, ते काही बरं दिसत नाही. एकीला दोघी असल्या की जातं घशाखाली."

हे तिने आठ महिन्यांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आताही बोलून ती मोकळी झाली आणि पातेल्यातला बर्फ बादलीत टाकायला लागली. काटाबाईंना मात्र बसावंसं वाटलं. त्या खिळा ठोकलेल्या खुर्चीवर बसल्या.

"तो असता तर त्याला चाखायला लावलं असतं," सूनबाई नवऱ्याबद्दल म्हणाली. "पण तो येणार उद्या सकाळी. जाऊ दे. बाबांचा मग कधी चुकलेला नाही. लहानपणापासून बघतेय मी."

"तुझे बाबा मीठ कुठलं घेतात?"

"मीठ ते मीठ, आई."

तिने सुरी घेतली आणि बादलीत सोडण्याआधी टर्कीचे दोन्ही पंख सांध्यापाशी नीट कापून काढले. ते एका झाकणाच्या भांड्यात ठेवले.

"हे आपल्या दोघींचे. याला मीठ लागू द्यायचं नाही. वेगळे भाजीन."

मग पक्षी पाण्यात गेला. वर एक ताटली, ताटलीवर वरवंटा, म्हणजे तरंगून वर यायला नको. दोघींनी मिळून बादली गॅलरीत ढकलली. बाहेरची थंडी फ्रीजला लाजवेल अशी होती. आत आल्यावर सूनबाईने टर्कीसाठी मुद्दाम आणलेलं मिठाचं पाकीट ओट्यावरून उचललं. पाव किलोच्या वर उरलं होतं. तिने क्षणभर काटाबाईंकडे बघितलं आणि काही न बोलता ते सगळं मोरीत ओतून वरून पाणी सोडलं.

तेव्हा चार वाजले होते.

पुढचे दोन तास काटाबाईंनी मुलाच्या सदऱ्याला एक बटण लावण्यात घालवले. ते बटण दोनदा उलटं लागलं. बटणांचा डबा मांडीवर होता आणि त्यातली बाटली, इतके दिवस गुमान पडलेली, आज हात घातला की नेमकी बोटांना लागत होती.

त्यांनी स्वतःची समजूत घालून बघितली. व्याही माणूस कमी बोलणारा आहे, खारट लागलं तरी गिळेल. बटाटे आहेत, सूप आहे, एका पक्ष्याने काही घर बुडत नाही. शिवाय पोरगी लहान आहे, एकदा चुकेल, पुढच्या वेळी शिकेल. पण पुढची वेळ येणार की नाही हेच तर उद्या ठरायचं होतं. सहा वर्षांनी आलेला बाप तिच्या हातचा एक घास तोंडात घालणार, आणि मग गप्प बसून पाणी पिणार. त्याला वाटेल, पोरगी माझं माप विसरली. तिला वाटेल, बाबांना माझं काहीच आवडत नाही. दोघंही तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. आणि त्या दोघांच्या मध्ये बसून काटाबाई, सगळं ठाऊक असून, मूग गिळून बसणार.

गॅलरीचं दार बंद होतं. पक्ष्यात मीठ मुरत असल्याचा आवाज अर्थातच येत नव्हता, पण काटाबाईंना तो येत होता. बारीक मीठ लगेच विरघळतं, लगेच आत शिरतं. दर मिनिटाला थोडं थोडं.

सहा वाजता सूनबाई यंत्र घेऊन आली. शेजारी बसली, बाही वर सारली, पट्टा गुंडाळला. तिच्या हातांना लिंबाचा वास येत होता. तिने बटण दाबलं. पट्टा फुगून दंड आवळायला लागला.

"परवाही वरच होतं," ती वहीची पानं मागे उलटत म्हणाली. "मला खरंच कळत नाही, मी कुठे चुकते. बेकरीचा पाव बंद केला, घरी भाजते. भाज्या तीन पाण्यांतून काढते. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, घरातूनच कुठूनतरी पोटात मीठ जातंय. मी म्हटलं, माझ्याच हातून जात असेल." तिने पेनाचं टोपण काढलं. "सोमवारी ते गोळी वाढवणार आहेत. तशी जोरदार आहे म्हणे ती. त्याने चक्कर येते."

पट्टा दंडावर पुरता आवळला होता. काटाबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"पक्षी बाहेर काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाण्यातून बाहेर काढ त्याला. मीठ दुप्पट झालंय. तुझे बाबा खडे मीठ वापरत असणार. खडे मगात मावतात कमी, मध्ये मोकळी जागा राहते. बारीक मीठ ठासून बसतं. मग तोच, पण मीठ दुप्पट."

"आई, मगाशीच बोललो ना आपण. तुम्हाला आठ महिने..."

"माझ्या जिभेला काही झालेलं नाही." त्यांचा आवाज चिरकला म्हणून त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बोलल्या. "माझी जीभ शाबूत आहे. मी मीठ खाते. रोज खाते."

यंत्राने पट्ट्यातली हवा सोडली. आकडा लुकलुकला आणि स्थिर झाला. सूनबाईने तो बघितला, पण पेन वहीवर टेकवलं नाही.

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवसापासून."

"म्हणजे आठ महिने."

"तीन दिवस कमी," काटाबाई म्हणाल्या. खरं बोलायला बसलंच आहे तर पुरतं बोलावं, एवढाच त्यांचा हेतू होता. पण ते कानाला बरं लागलं नाही.

सूनबाई उठली. तिने वही मिटली, पेनाला टोपण लावलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पट्टा काटाबाईंच्या दंडावर तसाच राहिला. तो रोज तीच काढत असल्यामुळे कुठून सुटतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्या हात मांडीवर ठेवून, नळी लोंबकळत, तशाच बसून राहिल्या. आतून गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. ती रडत असेल तर जावं की न जावं, हे त्यांना ठरवता येईना. मग नळ सुटला.

"आई," आतून हाक आली. "इकडे या."

सूनबाई बादलीपुढे उकिडवी बसली होती. डोळे लाल होते. तिने वर न बघता बोलायला सुरुवात केली.

"मला तुमचा राग आलाय. खूप आलाय. मी तुमच्यासाठी पाव भाजत होते पहाटे उठून. मला वाटत होतं माझ्या हातात काहीतरी खोट आहे." तिने मनगटाने नाक पुसलं. "पण तो राग नंतर. आधी हे सांगा, आता काय करायचं? घरात चिमूटभर मीठ नाही. हे सगळं फेकून दिलं तर नवीन कशाने करू?"

"फेकायचं नाही," काटाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांच्या नकळत हौदापाशी उभं राहायचा तो झाला. "अर्धं पाणी काढून टाक. तेवढंच साधं गार पाणी घाल. बर्फ घाल. नीट ढवळ, मीठ खाली बसू देऊ नकोस."

तिने तांब्याने अर्धं पाणी उपसलं. साधं घातलं. ढवळलं.

"आता एक पळी काढ आणि छोट्या भांड्यात उकळ. कच्च्या पक्ष्याचं पाणी आहे, तसंच तोंडात घालायचं नाही. झाकण ठेव वर. वाफ गेली तर खारटपणा वाढतो, अंदाज चुकतो."

भांडं उकळलं. ते गार व्हायची दोघींनी वाट बघितली, एकमेकींकडे न बघता. सूनबाईला तेवढ्यात दंडावरचा पट्टा दिसला. तिने उठून तो सोडवला, गुंडाळून बाजूला ठेवला, आणि चमच्यात पाणी घेऊन तो काटाबाईंच्या समोर धरला.

"मी घेऊ?" काटाबाईंनी विचारलं.

"मग कुणी घ्यायचं? या घरात धड जीभ एकच आहे."

काटाबाईंनी डोळे मिटले. पाणी जिभेवर फिरवलं, टाळूला लावलं, मोरीपाशी जाऊन थुंकलं, साध्या पाण्याने चूळ भरली.

"अजून एक तांब्या साधं घाल. दोन तासांत जास्तीचं आत गेलंय, म्हणून आता पाणी जरा अळणीकडेच हवं. म्हणजे सकाळपर्यंत बरोबर येईल."

"नक्की?"

"नक्की."

एक तांब्या घातला. ताटली ठेवली, वरवंटा ठेवला. बादली पुन्हा गॅलरीत गेली. काटाबाईंनी आपल्या खोलीतून बटणांचा डबा आणला, आत हात घालून बाटली काढली आणि ओट्यावर ठेवली. निम्मी भरलेली होती. सूनबाईने तिच्यावरची खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी वाचली, आणि इतक्या रागातही तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"ही माझ्याकडे नका देऊ," ती म्हणाली. "मी काही तुमच्यावर पहारा देत बसणार नाही. तुमचं तुम्ही बघा. फक्त सोमवारी डॉक्टरांना सांगायचं. तुम्ही सांगायचं, मी नाही."

"आणि तुझ्या नवऱ्याला?"

"त्याचं काय ते नंतर बघू."

बाटली पुन्हा डब्यात गेली, बटणांच्या खाली. त्या रात्रीचं सूप काटाबाईंनी आहे तसं खाल्लं. ते गरम होतं, याहून जास्त त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी मुलगा सकाळी आला, अंघोळ करून दोन तास झोपला. दुपारी एक वाजता दारावर एकदाच थाप पडली. व्याही अपेक्षेपेक्षा उंच आणि अपेक्षेपेक्षा म्हातारे होते. ते दारात उभे राहिले आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून ते त्यांनी पाठीमागे नेले. सूनबाई त्यांच्या समोर उभी राहिली. दोघांनाही सुरुवात सापडेना, तेव्हा मुलगाच म्हणाला, "बाबा, आत या, थंडी आत येतेय." मग ते आत आले. बसायला सांगितलेल्या खुर्चीचा पाय त्यांनी आधी हलवून बघितला, आणि तो पक्का आहे असं दिसल्यावर बसले.

टर्की टेबलावर आली तेव्हा तिचा रंग असा खुलला होता की मुलाने शीळ घातली. व्याह्यांनी तिच्याकडे धंद्याच्या नजरेने बघितलं.

"पंख कुठे गेले?"

"वेगळे भाजलेत," सूनबाई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात छातीचा मधला तुकडा ठेवला. मग ती बसली नाही. सुरी हातात धरून उभीच राहिली.

त्यांनी तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला. काटाबाई त्यांच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होत्या. सूनबाईही तिकडेच बघत होती. त्यांचा हात टेबलावर होता, पेल्यापासून वीतभर लांब. त्यांनी घास गिळला. दुसरा घेतला. पेला जागचा हलला नाही.

"माझ्याच मगाने मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मीठ कुठलं होतं?"

"बारीक."

"मग हे बरोबर कसं आलं?" त्यांनी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. "मी वाटभर त्याच काळजीत होतो. चिठ्ठीत लिहायला हवं होतं, मीठ खड्याचं घे म्हणून. डोक्यात होतं, पण लिहायचं राहूनच गेलं."

"आईंनी सांगितलं," सूनबाई म्हणाली. "मी चुकले होते. त्यांनी चाखून सांगितलं."

व्याही काटाबाईंकडे वळले. "विहीणबाई, तुमची जीभ मोठी पक्की आहे."

काटाबाईंनी मान खाली घातली. मुलाच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. त्याने बटाट्याचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"टर्की झकास, पण बटाटे अळणी आहेत. घरात मीठ आहे का? बाबांना तरी दे थोडं."

"नाही रे. सगळं बादलीत गेलं," सूनबाई म्हणाली.

"असू दे, असू दे," व्याही म्हणाले. पण त्यांचाही काटाचमचा बटाट्यापाशी अडखळला होता.

काटाबाई उठल्या. आपल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बटणांचा डबा होता. त्यांनी सगळ्यांदेखत झाकण काढलं, बटणांत हात घातला, आणि बाटली काढून व्याह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. डब्यातलं एक बटण टेबलावर घरंगळलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "सगळं संपवा."

मुलाने बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, आतलं मीठ उजेडात धरून बघितलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. "आई? बटणांच्या डब्यात मीठ? हे कुणी..."

"मीच ठेवलं होतं," सूनबाई म्हणाली. ती आता बसली होती आणि घरंगळलेलं बटण बोटाने गोल फिरवत होती. "पाहुण्याला लागलंच, तर घरात असावं म्हणून. आईंच्या हाताला लागू नये म्हणून तिथे ठेवलं."

"तुला बरी जागा सुचली," मुलगा हसला. त्याने आधी सासऱ्यांच्या बटाट्यावर मीठ शिंपडलं, मग आपल्या. बाटलीत जेमतेम तळ उरला. ती टेबलावर काटाबाईंच्या समोर येऊन थांबली. त्यांनी ती उचलून पुन्हा व्याह्यांकडे सरकवली.

काटाबाईंना सूनबाईकडे बघायचं होतं, पण धीर होईना. एवढ्यात झाकणाचं भांडं उघडल्याचा आवाज आला. सूनबाईने एक पंख काटाबाईंच्या ताटात वाढला. भांड्यात दुसरा होता. समोर साडेपाच किलोची, मुरलेली, रस गळणारी टर्की होती. त्यातला हवा तो तुकडा घ्यायचा आज तिला पूर्ण हक्क होता, आणि काटाबाईंनी मनोमन तो कालच तिला देऊन टाकला होता.

सूनबाईने दुसरा पंख आपल्या ताटात घेतला.

काटाबाईंनी घास तोडला आणि त्या चावायला लागल्या. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती.

"कसा झालाय, आई?" सूनबाईने विचारलं.

"अळणी," काटाबाई म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.